पूल पुलावरून दिसत नाही

आज सकाळी कृष्णेवरच्या एका जुन्या दगडी पुलावर, अगदी मधोमध, सात मोटरसायकली तिरप्या लावून ओळीने उभ्या होत्या. पुढे सात जण हाताची घडी घालून, आणि आठवा रस्त्यात पालथा पडून त्यांचा फोटो काढतोय. पूल असा अरुंद की एसटी आली तर समोरच्या दुचाकीने कठड्याला चिकटायचं. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला, मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळं वजन ट्रॅक्टरने एकट्याने थोपवायचं असतं. त्याने दाबला ब्रेक. मागची ट्रॉली आडवी सरकली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या हातभर जागेत डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक आजी अंग चोरून उभी होती.

पुलाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी सातच्या सत्तर गाड्या होतील.

पूल बघायला गाडी काढणारी माणसं मुळात थोडी, आणि ती आपलीच माणसं आहेत, म्हणून जास्त लागलं. अरे, पुलाचा फोटो काढायला आलात ना? मग पुलावर उभं राहून पूल दिसतो तरी का? डांबर दिसतं आणि कठडा दिसतो. कमानी, खांब, दगडाची घडण, पाण्यातलं प्रतिबिंब, पुराच्या खुणा, जे बघायला पन्नास-शंभर किलोमीटर आलात ते सगळं खाली आहे. खाली उतरायला लागतं.

उतरायचं कसं, ते सांगतो. पूल ओलांडून पलीकडे जा, पहिल्या फेरीत थांबूच नका. जाताना एवढंच बघा की पायवाट कुठल्या बाजूने खाली जाते. नदीकाठच्या गावात घाट, देऊळ, धुणं धुवायची जागा किंवा पाणी उपसायची मोटर असतेच, आणि यातल्या प्रत्येक ठिकाणी वाट जाते. गाडी पुलाच्या टोकापासून निदान पन्नास पावलं लांब, रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा. काठाची माती काळी आणि भुसभुशीत असते, साइड स्टँड अर्ध्या तासात रुतून गाडी कलंडते. स्टँडखाली चपटा दगड किंवा ठेचून सपाट केलेला डबा ठेवा. उतारावर तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रलवर नको.

पूर ओसरल्यानंतरचे दोन-तीन महिने गाळापासून जपा. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. काठीने टोचून बघा. दगडांच्या सांध्यात साप असतात, हात घालून चढू नका. आणि नदीच्या मधल्या खडकावर जायचा मोह होईल, तो आवरा. वर धरण असेल तर आभाळ कोरडं असतानाही विसर्ग वाढतो, आणि आलेली वाट पाण्याखाली जाते.

आता उजेड. सातारा-सांगली पट्ट्यात कृष्णा साधारण दक्षिणेकडे वाहते, म्हणून तिच्यावरचे बरेचसे पूल पूर्व-पश्चिम पडतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे पुलाच्या दक्षिण अंगावर जवळजवळ दिवसभर ऊन आणि उत्तर अंग सावलीत. फोटो खालच्या अंगाने, प्रवाह जिकडे जातो तिकडून. पण खांबांना होडीच्या नाळेसारखं काढलेलं टोक बघायचं तर वरच्या अंगाला जावं लागतं, कारण ते पाणी कापण्यासाठीच काढलेलं असतं. तिथे सावली आहे म्हणून हळहळू नका. ढगाळ दिवशी तेच अंग घ्या, दगडाचा पोत उलट जास्त उठून दिसतो. दक्षिणोत्तर पूल असेल तर सोपं: सकाळी पूर्वेचं अंग, दुपारनंतर पश्चिमेचं.

प्रतिबिंबाची गंमत वेगळीच आहे. पुलाच्या खाली, प्रवाहाच्या दिशेला जवळपास कोल्हापुरी बंधारा आहे का बघा. पावसाळा संपल्यावर त्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्या की पाणी मागे पुलापर्यंत तुंबतं आणि आरशासारखं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठच्या आत, वारा उठायच्या आधी. अर्धवर्तुळाकार कमान पाण्यात पूर्ण गोल दिसते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस पुन्हा वर उभा राहून फोटो काढणार नाही, अशी माझी खात्री आहे. (त्या बंधाऱ्यावरून गाडी घालू नका. कठडा नाही, शेवाळ आहे, आणि समोरून सायकलवाला आला तरी मागे फिरायला जागा नाही.)

मोबाईलवाल्यांसाठी: ०.६ची, म्हणजे सगळ्यात रुंद दिसणारी, लेन्स वापरू नका. कडेच्या कमानी ताणल्या जातात आणि खांब आत कलतात. मागे सरका, १ किंवा २ वर काढा, फोन वर न कलवता सरळ धरा. कॅमेरा असेल तर एफ ८, आयएसओ १००-२००. पाणी दुधाळ हवं असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून शटर अर्धा ते दोन सेकंद उघडं ठेवा. तेव्हा ट्रायपॉड काठावरच्या खडकावर ठेवा. पुलावर ठेवलात तर ट्रक गेला की सगळा पूल थरथरतो आणि फोटो हलतो. म्हणजे तिथेही वर उभं राहून काही मिळत नाही!

"पण गाडीसकट पूल हवा असतो." कळतं मला. गाडीवर जीव असतो, तिने इथवर आणलेलं असतं. मग गाडी घाटाच्या उतारावर किंवा काठाच्या कच्च्या रस्त्यावर लावा, तुम्ही तीसेक पावलं मागे जा आणि २ किंवा ३ वर झूम करा. पूल गाडीच्या मागे मोठा आणि जवळ येतो. सातही गाड्या बसतात. त्यासाठी आजीला कठड्याशी चेंगरायची गरज नव्हती.

काही पुलांना खाली वाटच नसते, हेही खरं. मग पादचारी पट्टी असेल तर चालत जा, गाडी न नेता.

आणि सात गाड्यांनी दगडी कमान पडत नाही, हेही मान्य. पण लोखंडी पुलांवरही हेच चालतं, तिथे काय म्हणायचं? १५ जून २०२५, पुण्याजवळ कुंडमळा, इंद्रायणीवरचा लोखंडी पूल. रविवार होता, पूल माणसांनी भरलेला, त्यात दुचाकीही घातलेल्या. पूल कोसळला, चौघं गेली. पादचाऱ्यांचा भार मोजताना चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो धरतात, म्हणजे खेटून उभी राहिलेली गर्दी. तोही धडधाकट पुलाचा हिशेब. गंजून पापुद्रे सुटलेल्या लोखंडावर पावणेदोनशे-दोनशे किलोच्या गाड्या नेऊन मध्ये थांबायचं? दोनच महिने आधी आपण तिथले फोटो एकमेकांना पाठवत होतो. महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल तर भर पुरात, रात्री गेला, २ ऑगस्ट २०१६. दोन एसट्या आणि त्यांतली माणसं. पुरात खांबांच्या पायाखालचं खरवडून निघतं आणि वर डांबर जसंच्या तसं दिसत राहतं. पाणी चढलेलं असताना "मस्त फ्रेम" म्हणून जुन्या पुलावर थांबणाऱ्याला मी मित्र म्हणणार नाही.

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरला. चांगलं सांगतो.

सांगलीचा आयर्विन पूल, १९२९चा. तिथली पातळी फुटांत सांगतात, ४०ला इशारा आणि ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे डोक्यात ठेवून घाटावर उभे राहा आणि मान वर करा. पुण्यात बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल, १८६९, आता वाहनांना बंद, म्हणून निवांत बघता येतो, टोकाचे सिंह चुकवू नका. पणजी-रायबंदरचा लिन्हारेस पूल १६३३-३४चा, तीन किलोमीटरच्या आसपास. रोज त्यावरून जाणाऱ्या कित्येकांना तो पूल आहे हेच जाणवत नाही. ओहोटीच्या वेळी बाजूने बघा, कमानी उघड्या पडतात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, तेवढा हिशेब करून निघा. आणि रत्नागिरी-निवसरच्या मध्ये कोकण रेल्वेचा पानवल पूल, ४२४ मीटर लांब, ६४ मीटर उंच. तो खालूनच बघायचा. रुळांवर चढणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गाडी आली तर पळायला जागा नाही.

हंगामातला आणखी एक धोका: उसाच्या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर पाचट आणि पडलेला ऊस असतो, दवाने ओला झाला की चाक निसटतं. ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर असेलच असं धरू नका. पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी ओली असेल तर गाडी सरळ उभी ठेवून, ब्रेक न लावता ओलांडा.

घाटावर बायका धुणं धूत असतील तर कॅमेरा आधी खाली, मग विचारा. शेजारी स्मशान असेल आणि माणसं आलेली असतील तर परत फिरा, पूल कुठे जात नाही.

आजच्या त्या सात-आठ जणांपैकी कोणापर्यंत हे पोचलं तर: पुलाच्या गावाकडच्या टोकाला, उजव्या हाताला मोठी चिंच आहे. तिच्याखाली दहा गाड्या सहज मावतात. देवळामागून दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत जातात, शेवटच्या चार निसरड्या आहेत. खालच्या अंगाला शंभर पावलं गेलात की सगळ्या कमानी एका नजरेत येतात, आणि पावणेआठला ऊन बरोबर त्यांच्यावर पडतं. ती आजी त्याच वाटेने वैरण घेऊन येते. तिला आधी जाऊ द्या.