माशी उडते कशी ते सोडा, कामकरी माशी बाप्या कशी झाली ते विचारा

सहामाही संपली की शाळेच्या हॉलमध्ये मुलांना एक कार्टून पिक्चर दाखवायचा, एवढाच विषय होता. कुठला ते पालकांनी ग्रुपवर ठरवा असं बाईंनी भाबडेपणाने लिहिलं आणि जे सुरू झालं ते अजून चालूच आहे, मध्ये दोघांनी ग्रुप सोडला, त्यातल्या एकाला समजूत काढून परत अ‍ॅड केलं. तिथे तीन ओळींच्या वर लिहिलं की लोक अंगठा टाकून पुढे जातात आणि माझं म्हणणं तीन ओळींत मावत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या ग्रुपवर एक इंजिनिअर बाबा आहेत. माणूस चांगला आहे, चवथीला, म्हणजे गणपतीत, त्यांच्या घरी गेलं की नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा रिकामा होईपर्यंत उठू देत नाहीत. त्यांचं म्हणणं, मुलांना चुकीचं सायन्स दाखवायचं नाही म्हणजे नाही. जो पिक्चर सुचवला त्याला त्यांची हरकत तयार. मधमाश्यांचा नको, हिमयुगात डायनासोर येतात तो नको (डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी गेले, मॅमथ कालपरवाचे, हे त्यांनी दोनदा लिहिलं), फुग्यांनी घर उडतं तो नको. दुसरी पार्टी म्हणते, अहो कार्टून आहे ते, पोरांना एन्जॉय करू दे की. मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत. पहिल्यांना वाटतं पिक्चर काढणाऱ्यांना काही कळत नाही, दुसऱ्यांना वाटतं आपल्या पोरांना काही कळत नाही.

माश्यांचंच घ्या. २००७ चा बी मूव्ही. सुरुवातीलाच सांगतात की विमानशास्त्राच्या नियमांप्रमाणे मधमाशीला उडता येणंच शक्य नाही, तरी ती उडते. बाबा ह्यावर तुटून पडले आणि त्यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. ही गोष्ट फार जुनी आहे, १९३४ मध्ये आंत्वान मान्यां नावाच्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने पुस्तकात असं काहीतरी लिहिलं, कारण हिशेब मांडला होता विमानाच्या स्थिर पंखाचा. माशीचे पंख स्थिर कुठे असतात? सेकंदाला साधारण २३० वेळा हलतात, वर हलताना पिळतात, पंखाच्या कडेला हवेचा भोवरा तयार होतो आणि तो तिला उचलून धरतो. २००५ मध्ये अमेरिकेत हाय स्पीड कॅमेरा लावून हे नीट मोजलंसुद्धा. तेव्हा पिक्चर आला तोवर उत्तर मिळालेलं होतं.

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. पिक्चरचा हीरो बाप्या आहे. मध गोळा करायला जाणारे पैलवानही बाप्ये. खऱ्या पोळ्यात मध आणणं, पोळं बांधणं, पिल्लांना भरवणं, राखण करणं, डंख मारणं हे सगळं माद्या करतात, नराला नांगीच नसते. माझ्या सासूबाईंच्या माहेरी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, कुळागरात (बागायतीत) पोफळींखाली मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मागच्या मे महिन्यात त्यांच्या भाच्याने एक फ्रेम उचलली, त्या गर्दीतून एक काळा, जाडा, नुसते डोळेच डोळे असलेला नर चिमटीत धरून काढला आणि "हाका नांगी ना गो, धर" म्हणत माझ्या मुलीच्या तळहातावर ठेवला. ती श्वास रोखून बघत होती. तो थोडा फिरला, गुणगुणला, उडाला. मग तिचा पहिला प्रश्न, "आई, पिक्चरमधला हीरो तो हाच? आणि हा घरात काय काम करतो?" भाचा म्हणाला, खाता आनी भोंवता (खातो आणि भटकतो). सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला.

तर माझा मुद्दा हा. माशी उडण्याबद्दलचं ते वाक्य आहे गंमत, पण माशीचा पुरुष करणं ही निवड आहे. कोट्यवधी डॉलर खर्चून पिक्चर काढणाऱ्यांना कामकरी माशी मादी असते हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असतं. पण हीरो मुलगा हवा असतो, त्याने रांगेतून बाहेर पडून बंड करायला हवं असतं, मग सायन्स बाजूला. अहो, १९९८ साली मुंग्यांचे दोन मोठे पिक्चर आले, दोन्हीकडे कामकरी मुंगी बाप्याच! लायन किंगमध्ये तरस म्हणजे हलकट आणि ऐतखाऊ, जंगलात मात्र ठिपकेवाले तरस आपलं बहुतेक खाणं स्वतः शिकार करून मिळवतात, सिंहच कित्येकदा त्यांची शिकार हिसकावतात, आणि त्यांच्या कळपात बायकांचं राज्य असतं. आता बाईच्या हातात राज्य असलेला कळप व्हिलन म्हणून दाखवायचा आणि ते राज्यही काढून सिंहाच्या हातात द्यायचं, ह्यावर आमच्या ग्रुपवर एकही मेसेज नाही, पण डायनासोरवर सत्तर.

मग कोणीतरी फाइंडिंग नेमो सुचवला आणि आमच्यातल्या बायॉलॉजी शिकवणाऱ्या एका आईने शांतपणे एक मेसेज टाकला. नेमो ज्या जातीचा मासा आहे त्या क्लाउनफिशमध्ये जोडीतली मादी मेली की नरच पुढे मादी होतो. म्हणजे अगदी सायन्सप्रमाणे जायचं तर पहिल्या पाच मिनिटांत आई गेल्यावर नेमोच्या बाबाची आई व्हायला हवी. ग्रुप एकदम गार. मग एका आजोबांनी हात जोडल्याची इमोजी टाकली आणि त्यानंतर एकाने विचारलं की उद्या युनिफॉर्म आहे का.

नेमोबद्दल मला खरी मजा वाटते ती दुसरीच. त्या लोकांनी माशांचा तज्ज्ञ ठेवला होता, त्याने सांगितलं की केल्प हे समुद्री शेवाळ थंड पाण्यात वाढतं, प्रवाळाच्या बेटाशी त्याचं काय काम, तर त्यांनी ते काढून टाकलं. इतके काटेकोर. आणि त्याच पिक्चरमध्ये देवमाशाच्या तोंडात अडकलेले मासे त्याच्या डोक्यावरच्या भोकातून उडून बाहेर येतात! देवमाशाचं ते भोक म्हणजे नाक, ते फुप्फुसाला जोडलेलं, तोंडातून तिथे वाटच नाही. म्हणजे केल्पची चूक सुधारली कारण त्याने गोष्टीचं काही बिघडत नव्हतं, भोक ठेवलं कारण त्याच्याशिवाय मासे बाहेर येत नव्हते. कासवांचं तसंच. समुद्री कासव अंडी घालून निघून जातं, पिल्लं कोणाची हे त्याला कधी कळतही नाही. पिक्चरमध्ये कासव बाबा सांगतो की आम्ही अंडी किनाऱ्यावर ठेवतो, पिल्लं आपली आपण पाण्यात येतात, आणि पुढच्या क्षणाला तो स्वतःच्या पोराबरोबर मजेत पोहतोय. माहीत होतं की नाही? होतं. पण घाबरट बापासमोर एक बिनधास्त बाप उभा करायचा होता. ही निवड मला आवडते, सांगून टाकते, ती बापांना काहीतरी शिकवते. ज्यांना खरं कासव दाखवायचं असेल त्यांनी पोरांना मोरजी, आगोंद नाहीतर गालजीबागला न्यावं, वनखात्याने जाळी लावून राखलेली घरटी बघावीत, तिथल्या माणसाला विचारावं. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, ह्यावर पिक्चर काढला तर मी पहिल्या रांगेत.

नेमोमधली एक गोष्ट मात्र मी मुलांना पिक्चर थांबवून सांगितली. बेसिनमधून गेलेलं सगळं समुद्राला मिळतं ही. २००३ मध्ये पिक्चर आल्यावर अमेरिकेत सांडपाण्याची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीला जाहीर सांगावं लागलं होतं की बाबांनो, समुद्राच्या आधी वाटेत चिरडणारी यंत्रं असतात, मासे टाकू नका. आमच्याकडे तर यंत्रंही नाहीत, सेप्टिक टँक आणि सोकपिट. आमच्या गावात नेमोची गोष्ट न्हाणीघराच्या मागे फणसाखाली संपली असती.

आता फुग्यांचा. अप, २००९. इंजिनिअर बाबांनी हिशेब टाकला, एक लिटर हेलियम जेमतेम एक ग्रॅम उचलतो, वाढदिवसाचा फुगा दहा-बारा ग्रॅम. घर उडतं त्या सीनमध्ये कॉम्प्युटरवर २०,६२२ फुगे काढलेत, म्हणजे दोनशे-अडीचशे किलो, घराची चौकटसुद्धा उचलणार नाही. हिशेब बरोबर. पण मी ह्याच पिक्चरला मत दिलंय आणि ते ह्याच हिशेबामुळे! अहो, तुम्ही बसून हिशेब केलात ना? पिक्चर एकदाच खोटं बोलतो, इतके फुगे पुरतात म्हणून, पण पुढे आपला नियम पाळतो, फुगे फुटले की घर खाली, सामान फेकलं की घर वर. मंतरलेली अंगठी येऊन सगळं ठीक करत नाही. आमच्या धाकट्याने बोडगेश्वराच्या जत्रेत गॅसचा फुगा घेतला (तिप्पट भाव सांगितला, घासाघीस करून दुप्पट दिला) आणि घरी येऊन त्याला आधी खोडरबरचा तुकडा बांधला, तो गेला वर, मग करवंटी बांधली, फुग्याने नांगी टाकली. मग म्हणाला करवंटीला किती फुगे लागतील. त्याला कोणी सांगितलं नव्हतं प्रयोग कर म्हणून. आणि नॅशनल जिऑग्राफिकवाल्यांनी २०११ मध्ये हवामानाचे ३०० मोठे फुगे लावून एक हलकंसं घर खरंच दहा हजार फुटांच्या वर नेलं होतं, हे मी ग्रुपवर टाकलं, त्यावर बाबांचा रिप्लाय आला, "ते वेगळं."

पालकाच्या भाजीवरूनही झालं. कार्टूनमधला पॉपाय हा खलाशी पालक खाऊन दंड फुगवतो, त्यावर एका बाबांनी लिहिलं की हे सगळं एका शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिल्यामुळे झालं, लोह दहापट छापलं गेलं. टाळ्या पडल्या. ती दशांशचिन्हाची गोष्ट १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखाने पसरली आणि २०१० मध्ये माइक सटन नावाच्या संशोधकाने मूळ शोधायला घेतलं तर तिला काही आधारच सापडेना. आणि तो खलाशी १९३२ च्या चित्रकथेत म्हणतो की पालकात व्हिटॅमिन ए आहे म्हणून खातो, लोहाचं नावही नाही. म्हणजे भोंदू सायन्स उघडं पाडणारी गोष्टही भोंदूच निघाली. आमच्या घरी तांबडी भाजीसुद्धा कोणी खात नाही तो भाग वेगळा.

देवादिकांच्या कार्टूनवर कोणी बोलत नाही, आणि मीही म्हणते बोलू नये. हत्तीचं डोकं, खांबातून नरसिंह, हे पेडण्यात दशावतार बघत आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरांनी पिढ्यान्पिढ्या पाहिलंय, राक्षस मेला की पडद्यामागे जाऊन विडी ओढतो हेही पाहिलंय. पोरं गोंधळत नाहीत. गोंधळ घालतो तो चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली (फळाफुलांच्या मांडवीखाली) बसलेला काका, जो म्हणतो बघ बाळा, प्लास्टिक सर्जरी आपल्याकडे तेव्हाच होती. तिथे पिक्चरवाल्यांना कशाला बोल लावायचा.

ह्या सगळ्यात ज्यावर खरं भांडायला हवं ते एकच आहे आणि ते कोणी काढलंच नाही. साप. किती कार्टूनांत आणि मालिकांत बघितलंय, मित्राला साप चावतो, हीरो वर दोरी करकचून बांधतो, चाकूने चीर देतो, तोंडाने विष ओढून थुंकतो, मित्र डोळे उघडतो, गाणं सुरू. इथेही चूक नाहीये, निवडच आहे, हीरोने हात लावून वाचवायला हवं आणि तेही दोन मिनिटांत, अँब्युलन्सची वाट बघत बसलेला हीरो कोण बघणार. पण माशी बाप्या केली तर माझ्या मुलीला फार तर राग येईल, ह्या निवडीने कोणाचा तरी पाय जाईल नाहीतर जीव. आपल्याकडे पावसाळ्यात न्हाणीत, लाकडांच्या मोळीत, चपलांच्या रॅकखाली काय काय निघतं ते गावात राहणाऱ्यांना सांगायला नको, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आहेत. मण्यार रात्री झोपेत चावते आणि कित्येकदा दुखतसुद्धा नाही. पोरं खेळात एकमेकांना सुंभाने बांधून "विष काढताना" मी स्वतः अंगणात बघितलीत.

चोखायचं नाही, चिरायचं नाही, दोरी आवळायची नाही, सापामागे काठी घेऊन धावायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, मोठ्यांना हाक मारायची, १०८ लावायचा, प्रतिविष असलेल्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं. कुठल्याही कार्टूनमध्ये हा सीन असा आला ना, हीरो मित्राचा पाय मांडीवर धरून गप्प बसलाय आणि लांबून सायरन ऐकू येतोय, तर पुढचं सगळं घर फुग्यांनी चंद्रावर जाऊ दे, अख्ख्या वर्गाची तिकिटं मी काढते. इंजिनिअर बाबांचंसुद्धा.