फार बोलणाऱ्या डॉक्टरचा बंदोबस्त

इस्पितळाचा कारभार हाती आला, अभिनंदन! गळकं छत, बंद लिफ्ट वगैरे सावकाश बघा. आधी तो डॉक्टर हुडका, जो दर मीटिंगला ‘हे पेशंटच्या जिवावर बेतेल’ म्हणतो आणि वर लेखी देतो. नुसतं तोंडी बोलणाऱ्यांचं काही नाही, ते चहावर भागतात.

गुरू करायचा तर इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या वॉल्सग्रेव्ह रुग्णालयाला करा. तिथे चार खाटांच्या जागेत पाचवी खाट बसवायची टूम निघाली होती. पाचव्याच्या उशाशी ऑक्सिजनची नळी नाही, घशातला कफ ओढून काढणारं सक्शन नाही. पण कागदावर खाट मिळाली ना? हृदयरोगतज्ज्ञ राज मट्टू यांना एवढी साधी गोष्ट कळेना. 2001 मध्ये ते जाहीरपणे बोलले. प्रशासनानेही वेळ न दवडता कारवाई केली: 2002 मध्ये मट्टूंनाच निलंबित केलं. मग त्यांच्यावर आरोप झाले, दोनशेच्या वर. इथे जरा थांबून शिका. एकच आरोप केलात तर तो सिद्ध करत बसावं लागतं. दोनशे केले की लोकच म्हणतात, काहीतरी असणारच हो. 2010 मध्ये नोकरी गेली. 2014 मध्ये न्यायाधिकरणाने ती बडतर्फी अन्यायाची ठरवली आणि 2016 मध्ये सुमारे 12 लाख पौंडांची भरपाई दिली. दचकू नका. पैसे सरकारी असतात, आणि तोवर तुम्ही पेन्शनीत.

बरं, तिथे अशा डॉक्टरांना वाचवणारा कायदा 1998 चा, तरी ही कथा. आपल्याकडे तर भ्रष्टाचार उघड करणाऱ्या जागल्यांचा कायदा 2014 मध्ये झाला आणि तेव्हापासून लागू होण्याची वाट बघत कपाटात आहे. रुग्णांसाठी बोलणाऱ्याचं तर नावच काढू नका.

हेही पुरलं नाही तर माणूस भ्रमिष्ट आहे अशी कुजबुज सुरू करा. आंध्रात नर्सीपट्टणमच्या सरकारी भूलतज्ज्ञाने एप्रिल 2020 मध्ये मास्क पुरत नसल्याचं सांगितलं. निलंबन लगेच झालं. मे महिन्यात विशाखापट्टणमच्या भर रस्त्यात पोलिसांनी त्याचे हात मागे बांधले आणि नंतर त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली.

तुम्हाला इतकं करावं लागणार नाही. उद्या एक परिपत्रक काढा: रुग्णसुरक्षेबाबत प्रत्येकाने निर्भयपणे तक्रार करावी. अर्ज तीन प्रतींत, योग्य मार्गाने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची शिफारस जोडून.