सध्याचा पत्ता

आईबाबांच्या घरचं नेट गेलं की पहिला फोन मला येतो. खरं तर तो कंपनीला करायचा असतो, हे बाबांना पक्कं ठाऊक आहे. पण कंपनी आधी एक दाबा, मग चार दाबा, मग शून्य दाबा म्हणते आणि मी काहीही न दाबता बोलायला लागतो, हा माझा दोष.

"नेट गेलंय."

"राउटरवर दिवे कोणते लागलेत?"

"सगळे."

"रंग?"

"तीन हिरवे. चौथा तुझी आई म्हणते केशरी, मला शेंदरी वाटतोय."

"लुकलुकतोय की स्थिर आहे?"

इथे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो. मग दोघांची कुजबुज. मग आईचा स्पष्ट आवाज, "त्याला सांगा, हा दिवा कालपर्यंत नव्हताच." मी डोळे मिटून घेतो. "बाबा, बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा." बाबा मनात मोजत नाहीत, मोठ्याने मोजतात, आणि मला ते फोनवर ऐकावं लागतं. अकराव्या मिनिटाला नेट येतं. चौथ्या दिवशी पुन्हा जातं.

एका अशाच शेंदरी संध्याकाळी मी ठरवलं की आता हे दिवे आपले आपण बघायचे. राउटरमध्ये रिमोट मॅनेजमेंट नावाची एक खूण असते. ती केली की राउटरचं सेटिंगचं पान घराबाहेरूनही उघडतं. म्हणजे मी माझ्या खुर्चीत बसून त्यांचा राउटर बघणार, बिघाड शोधणार, बंद-चालू करणार आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. (नेटच गेलं असेल तर मी आत शिरणार कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुढेही बरेच दिवस पडला नाही.)

अडचण एकच. बाहेरून घरी जायचं तर घराचा पत्ता हवा, आणि नेटवरच्या घराचा पत्ता म्हणजे आयपी. कंपनी तो कायमचा देत नाही. राउटर बंद-चालू झाला की बरेचदा जुना आकडा काढून घेते आणि नवा हातात ठेवते. पत्ता खरोखर किती वेळा बदलतो हे पाहण्यासाठी मी बाबांना एक काम सांगितलं. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं विचारायचं आणि येईल तो आकडा कुठेतरी टिपून ठेवायचा.

इथे बाबांविषयी सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. 'कुठेतरी टिपून ठेवणे' हा प्रकार त्यांच्या आयुष्यात नाही. त्यांनी दोनशे पानी वही काढली, पट्टीने चार रकाने आखले: तारीख, वेळ, पत्ता, शेरा. रोज सकाळी सातला आणि रात्री नऊला नोंद. आठवड्याभराने मी वही पाहिली तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात 'बदल नाही', 'बदल नाही', 'बदलला, कारण कळवले नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

मला हसू आलं, पण हसण्यासारखं काही नव्हतं. इंटरनेटचं सुरुवातीचं बिऱ्हाड असंच चालायचं. जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि आकडी पत्ते एकाच फाइलमध्ये असत, आणि ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची मंडळी सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर कार्यालयीन वेळेत फोन करून सांगायचं. मग संगणक इतके वाढले की यादीला ते पेलेना, आणि १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं. नाव सांगा, आकडा मिळवा, आणि यादी एकाच ठिकाणी न ठेवता जगभर वाटून. त्याच्या पुढची पायरी म्हणजे डायनॅमिक डीएनएस. नाव कायम, मागचा आकडा बदलता. आणि आकडा बदलला की राउटर स्वतःच वर कळवतो, 'आता मी इथे राहतो.' थोडक्यात, वही राउटरनेच लिहायची. बाबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "लिहू दे. मीही लिहितो. ताळा करायला बरं."

सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. राउटर उलटा केला, बुडाच्या चिकटपट्टीवर नाव होतं ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "मग कुलूप कशाला लावलंय?" मी पासवर्ड बदलून सोळा अक्षरी केला आणि बजावलं, हा वहीत लिहायचा नाही. "मग कुठे लिहू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो वहीतच लिहिला गेला, शेवटच्या पानावर, उलट्या बाजूने, म्हणजे चोराला वही फिरवण्याचे कष्ट पडावेत.

डायनॅमिक डीएनएसची फुकट सेवा घ्यायची तर नाव निवडावं लागतं. 'घर' गेलेलं. 'आमचंघर' गेलेलं. 'बाबा' तर कुणाच्या तरी बाबांनी कधीच घेऊन ठेवलेलं. शेवटी 'आमचंघर७४' मिळालं. त्याआधीची त्र्याहत्तर घरं जगात कुणी बांधली कोण जाणे. वर अट अशी की महिन्यातून एकदा मेल येईल, त्यातल्या दुव्यावर टिचकी मारून आपण हयात असल्याचं कळवायचं, नाहीतर नाव परत जाईल. बाबांना ही अट फार पसंत पडली.

राउटरमध्ये नाव भरलं, पासवर्ड भरला, सेव्ह दाबलं. 'यशस्वी' असं हिरव्या अक्षरात उमटलं. तिथेच, त्यांच्याच वायफायवर, मोबाइलमध्ये 'आमचंघर७४' टाकलं, आणि राउटरचं पान उघडलं! आई म्हणाली, "झालं? मग आता जेवायला बसा."

आपण घराच्या आत उभं राहून बाहेरचं दार वाजवतोय आणि आपणच उघडतोय, हे मला कळायला हवं होतं. घरातल्या माणसाने आपलं बाहेरचं नाव पुकारलं तरी राउटर आतल्या आतच ओ देतो. ही परीक्षा नव्हेच. वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून पाहायचं असतं. एवढं एक केलं असतं तर पुढचा आठवडा वाचला असता.

घरी परतलो. रात्री निवांत बसून लॅपटॉपवर तेच नाव टाकलं. पान उघडलं, पण राउटरचं नव्हतं. त्यावर चार रंगांच्या चार पट्ट्या होत्या आणि खाली लाल अक्षरात सूचना. मी बाबांना फोन लावला.

"बाबा, तुमच्या प्रिंटरची काळी शाई संपत आलीय."

पलीकडे शांतता. मग, "आपल्याकडे प्रिंटर कुठे आहे?"

आता शांतता माझ्याकडे. मान वळवून पाहिलं तर माझ्याच कपाटावर माझाच प्रिंटर बसला होता आणि त्याचा पिवळा दिवा लागला होता.

झालं होतं असं. त्यांच्याकडे डबे दोन. भिंतीवर कंपनीचा, त्याच्या खाली मी आणलेला राउटर. वरचा डबा खालच्याला घरगुती आकडा देतो, १९२.१६८.१.२. माझा आज्ञाधारक राउटर तोच आकडा वर कळवून मोकळा झाला होता. हे १९२.१६८वाले पत्ते घराच्या आत वापरायला राखून ठेवलेले आहेत. ते लाखो घरांत एकाच वेळी असतात, जसं प्रत्येक घरात एक 'माळ्यावर' असतं. 'माळ्यावर ठेवलंय' असं जाहीर केलं तर प्रत्येक जण आपापला माळा बघणार. तसं जगात कुणीही 'आमचंघर७४' उघडलं असतं तरी तो त्याच्याच घरातल्या कुठल्यातरी यंत्रापाशी पोचला असता. मी माझ्या प्रिंटरपाशी पोचलो.

मग कंपनीला फोन केले. एक दाबलं, चार दाबलं, शून्य दाबलं. वरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून द्या, म्हणजे तो नुसता तारेचं काम करेल आणि खरा पत्ता माझ्या राउटरला मिळेल, एवढंच मागणं होतं. पहिल्याने विचारलं, "सर, रीस्टार्ट करून पाहिलंत का?" दुसऱ्यानेही विचारलं. तिसऱ्याने दिवे कोणते लागलेत ते विचारलं. मी "शेंदरी" म्हणालो आणि त्या क्षणी बाबांविषयी मला पहिल्यांदा खरी सहानुभूती वाटली. चौथीने काही न विचारता दोन मिनिटांत काम करून दिलं. असं एक माणूस प्रत्येक कंपनीत असतं आणि ते पुन्हा कधी फोनवर मिळत नाही.

तरीही बाहेरून काही उघडेना. मी सेटिंगची सगळी पानं दोनदा पालथी घातली. दोष सापडला तो बाबांना. रात्री नऊची नोंद करून त्यांचा फोन आला.

"तुझ्या डब्याच्या पानावर पत्ता लिहिलाय १००.७२ने सुरू होणारा. ब्राउझर मला भलताच सांगतोय. दोन्ही खात्यांत एकच रक्कम हवी ना?"

जन्मभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवलेल्या माणसाने जे एका नजरेत पाहिलं, ते मला आठ दिवस दिसलं नव्हतं. आकडे जुळत नाहीत याचा अर्थ मध्ये आणखी कुणीतरी बसलंय, आणि ती म्हणजे कंपनी. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि वाटपाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ला संपला. तेव्हापासून कित्येक कंपन्या एकेका पत्त्यामागे अनेक बिऱ्हाडं बसवतात आणि त्यांना आतल्या वापराचे आकडे देतात. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२मध्ये खास त्यासाठीच राखला गेला. म्हणजे बाबांच्या घराला बाहेरून दारच नव्हतं. एका मोठ्या दारामागे कितीतरी घरं होती, आणि 'आमचंघर'ची हाक मारली तर ती कुणासाठी आहे हे त्या दाराला कळायचं काही कारण नव्हतं.

स्वतंत्र पत्ता मिळवण्यासाठी कंपनीला केलेले फोन मी इथे सांगत नाही. मिळाला, एवढं पुरे. तोही बदलताच, पण निदान आमचा.

आणि मग चाललं! मोबाइलच्या डेटावरून चाललं, ऑफिसातून चाललं. राउटरचा आकडा बदलला की मिनिटाभरात नाव नव्या आकड्याकडे बोट दाखवायचं. त्या दोन दिवसांत मी ते पान निदान चाळीस वेळा उघडलं असेल. काम काही नव्हतं. घराबाहेर पडल्यावर कुलूप ओढून बघतात, तसं.

तिसऱ्या दिवशी राउटरचा लॉग, म्हणजे त्याची स्वतःची नोंदवही, उघडला. लॉगिन अयशस्वी. लॉगिन अयशस्वी. लॉगिन अयशस्वी. पहाटे ३.१२, ३.१२, ३.१३. ज्या देशांत आमचं कुणी नाही तिथून कुणीतरी आमचंघर७४चं दार वाजवत होतं. आधी वाटलं, आपल्यावर पाळत आहे. मग कळलं की आपल्याला एवढी किंमत नाही. २०१३मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या मंडळींनी झेडमॅप नावाचं साधन काढलं. ते एका यंत्रावरून या जुन्या पद्धतीच्या सगळ्या पत्त्यांचं एकेक दार ४५ मिनिटांच्या आत वाजवून येतं. तेव्हा दार उघडं ठेवलं की कुणीतरी येऊन कडी हलवणारच. २०१६मध्ये मिराई नावाचा उपद्रवी प्रोग्राम असाच शिरला होता, कॅमेऱ्यांत आणि राउटरांत, कारखान्यातून येणारे साठेक नाव-पासवर्ड आळीपाळीने लावून. ॲडमिन-ॲडमिन त्यांत होतंच. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या यंत्रांच्या झुंडीने एका कंपनीला लोळवलं. तिचं नाव डाइन, आणि ती नावारूपाला आली होती ती डायनॅमिक डीएनएसमुळेच. हे वाचलं आणि मी लॅपटॉप थोडा लांब सरकवला.

शहाणी माणसं हे दार उघडतच नाहीत. ती राउटरवर व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठीचा बंद बोगदा, बसवतात आणि त्या बोगद्यातून आत जाऊन मग राउटरचं पान बघतात. ते शहाणपण मला नंतर आलं. त्या रात्री सुचलं ते जास्त सोपं होतं. रिमोट मॅनेजमेंटच्या खालीच एक चौकट होती, 'फक्त या पत्त्यावरून परवानगी'. तिथे मी माझ्या घरचा आयपी टाकला आणि सेव्ह दाबलं. आता जगात एकच माणूस त्या दारातून जाऊ शकत होता. दुसऱ्या दिवशी लॉग कोरा. मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोलाही तो कोरा लॉग दाखवला. तिने मान डोलावली आणि विचारलं, "यात बघायचं काय आहे?"

शनिवारी आमच्याकडे वीज गेली आणि आली. रात्री सवयीने आमचंघर७४ उघडलं. उघडेना. पुन्हा टाकलं. पान फिरतंय, फिरतंय, नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवरून नाही, मोबाइलवरूनही नाही. फोन लावला.

"बाबा, तुमचं नेट गेलंय."

"नाही. मी बातम्या बघतोय."

"दिवे कोणते लागलेत?"

"चारही हिरवे. आमचा पत्ताही तोच आहे, नऊची नोंद केली आत्ताच." थोडं थांबून ते म्हणाले, "तुमच्याकडे काय झालंय?"

"काही नाही. दुपारी वीज जाऊन आली, राउटर बंद-चालू झा..."

वाक्य माझ्याच तोंडात अडकलं. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, मग पट्टी टेबलावर ठेवल्याचा. एक उभी रेघ, दुसरी, तिसरी. पेनाचं टोपण.

"हं," बाबा म्हणाले, "सांग. तुझा सध्याचा पत्ता काय?"