ब्राउझर उघडत नाही? मेसेज अजिबात वाचू नका

राजेहो, सकाळी तर्री-पोहे हाणून कॉम्प्युटरसमोर बसलात, फायरफॉक्सवर डबल क्लिक केलं आन् मधोमध डबा आला की फायरफॉक्स आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाहीये, तर पहिलं काम म्हणजे तो न वाचता बंद करा. वाचलं की कळतं, आन् कळलं की दिवसभर करायचं काय?

मग पुन्हा डबल क्लिक. अजून जोरात, माउसला जोर समजतो. वीसेक वेळा झालं की सीपीयूला एक चापट, कूलरची मोटर अडकल्यावर देतो तीच.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप चुकूनही दाबू नका. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात मघाचंच फायरफॉक्स मागं लटकून बसलेलं दिसतं, त्याला एंड टास्क दिलं की दोन मिनिटात काम संपतं, मग भाच्याला फोन कशाला करायचा? भाचा पुण्यात आयटीत आहे, म्हणजे त्याला प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं येतंच. एरर काय ते विचारलं तर "काहीतरी इंग्लिशमधे आलं होतं बापा" एवढंच सांगा.

तो वैतागला की अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका. मी चारदा टाकलं. ब्राउझर काढला तरी प्रोफाइलचा, म्हणजे बुकमार्क-पासवर्ड ठेवायचा, फोल्डर अ‍ॅपडेटामधे तसाच राहतो, आन् बिघाड त्यातच असला तर नवं फायरफॉक्स येऊन तेच प्रोफाइल उघडतं, म्हणजे घराला रंग दिला, गळती तशीच. प्रोफाइल मॅनेजरमधून नवं प्रोफाइल बनवता येतं म्हणे, पण त्यात मजा नाही.

(विंडोज 7 वाले तर नशीबवान. क्रोमनं 2023 मधे 109 व्हर्जननंतर त्यांचा नादच सोडला, तरी रोज अपडेट शोधत बसा.)

शेवटी सीपीयू गाडीवर मांडीत घेऊन दुकानात जा, 45 डिग्रीत, दुपारी. दुकानदार झाकण न उघडता "व्हायरस आहे, फॉरमॅट मारा लागते" म्हणेल. मारू द्या. माझे अकरा वर्षांचे बुकमार्क गेले, बायकोचे पासवर्ड गेले, त्याचं घरी जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

आणून लावलं तर फायरफॉक्स पटकन उघडलं. मग लाइन गेली, आली, आन् तारीख 1 जानेवारी 2009. बोर्डावरचा सीआर2032, लाइन नसताना घड्याळ चालू ठेवणारा रुपयाच्या नाण्याएवढा सेल, मेलेला, त्याला कोणी हातही लावला नव्हता. 2009 मधे बसून साइट खरी असल्याची आजची सर्टिफिकेटं कशी चालतील, बँकेची साइट उघडली तर डबा आला, काहीतरी घड्याळाबद्दल होतं.

बंद केला. भाच्याला लावतोय, उचलत नाहीये.