इन्कॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं नव्हे

‘इन्कॉग्निटोमध्ये साइट उघडली की जाहिरातवाल्यांना काहीच कळत नाही’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, हिस्टरी साठत नाही आणि कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) खिडकी बंद केल्यावर पुसल्या जातात. पण सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्यावर! एक जरी उघडी राहिली तरी त्याच कुकीज चालू राहतात. शिवाय आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) लपत नाही, आणि आत जाऊन लॉगिन केलंत तर मग विषयच संपला.

माग काढायचं मुख्य काम थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटची नसून दुसऱ्याच कंपनीची कुकी, करते. बातमीच्या पानावर जाहिरात कंपनीचा कोड असतो; तो तुमच्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवतो. त्याच कंपनीचा कोड बुटांच्या दुकानाच्या साइटवर असला की तोच क्रमांक पुन्हा वाचला जातो आणि दोन्ही भेटी जोडल्या जातात.

सफारी 2020 पासून या कुकीज आपणहून अडवतं. फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात ठेवतं. क्रोमच्या साध्या खिडकीत मात्र हे स्वतः करावं लागतं: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज, ब्लॉक. त्यानंतर एखाद्या साइटचं लॉगिन किंवा पानात बसवलेला व्हिडिओ अडला, तर तेवढ्याच साइटला परवानगी द्या. सगळं पुन्हा उघडू नका.

आधीच्या कुकीज पुसायला विसरू नका. जाहिराती तरीही दिसतीलच, फक्त तुमच्या मागावरच्या कमी होतील. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन यांवरून ओळख पटवण्याची पद्धत कुकीशिवायही चालते.