मावशीची साक्ष मंडळीला का नको?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीनं ठराव केला आहे की रविवारच्या उपासनेत यापुढे साक्षी, म्हणजे सभासदांनी उभं राहून सांगितलेले विश्वासाचे अनुभव, होणार नाहीत आणि उपदेशात घरगुती दाखले टाळले जातील. कारणंही दिली आहेत. उपासना आता यूट्यूबवर थेट दिसते, ती दीड तासात संपली पाहिजे. बाहेरचे लोक बघतात, त्यांच्यापुढं घरातल्या भानगडी नकोत. आणि वचनाचा अर्थ वचनातूनच लागला पाहिजे. सासू-सुना, भाऊबंदकी, मुलांच्या परीक्षा यांचं पुलपिटावर काय काम? कमिटीत माझा मावसभाऊ आहे. त्यानं ठरावाचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आता आपली मंडळीही तुमच्याकडच्यासारखी शिस्तीत चालेल."

ठरावापेक्षा या वाक्याचा मला जास्त राग आला.

मी श्टुटगार्टला राहते. इथल्या मंडळीची सभासद आहे, दर महिन्याला पगारातून चर्चचा कर कापला जातो. आमच्या राज्यात तो आयकराच्या ८ टक्के आहे, शेजारच्या हेसेनमध्ये ९. शिस्त म्हणाल तर ती आहेच. दहाला घंटा होते, अकराला आम्ही कॉफीच्या टेबलाशी असतो. गीतांचे क्रमांक फळीवर आधीच लावलेले असतात. उपदेश पंधरा-वीस मिनिटांचा, लिहून आणलेला, मूळ ग्रीक तपासून केलेला. आजचं अर्पण कुठं जाणार ते आधी सांगतात आणि किती जमलं तेही नंतर कळतं. हे शेवटचं आमच्या गावच्या कमिटीनं शिकावं असं मला मनापासून वाटतं, आणि नेमकं तेच त्या ठरावात नाही.

पण याच मंडळीत माझ्या डाव्या हाताला एक वयस्कर गृहस्थ बसतात. त्यांची पत्नी वारल्याचं मला गेमाइंडेब्रीफमधल्या, म्हणजे मंडळीच्या पत्रकातल्या, यादीतून समजलं. त्याआधीच्या रविवारी ते माझ्या शेजारीच बसले होते. आम्ही एकाच पुस्तकातून गायलो होतो, 'शांती असो' म्हणत हात मिळवला होता. त्या दिवसांत त्यांना कशाचा आधार वाटला, ते देवावर रागावले का, कुठलं वचन उराशी धरून त्यांनी रात्री काढल्या, हे मला ठाऊक नाही. इथल्या पद्धतीत ते मला कळायला जागाच नाही. २०२२ पासून जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळूनही लोकसंख्येच्या निम्म्यापेक्षा कमी आहेत. याला साक्षी नसणं एवढंच कारण आहे असं मी म्हणणार नाही. करही आहे, अत्याचाराची प्रकरणंही आहेत. पण ज्या शिस्तीचा हेवा करून भावानं हे लिहिलं, तिच्या शेजारची रिकामी बाकं त्याला यूट्यूबवर दिसत नाहीत.

आता ज्या साक्षीवरून हे सगळं सुरू झालं ती सांगते. ती माझ्या मोठ्या मावशीची आहे.

मावशीचं आणि तिच्या जावेचं घर एकाच गल्लीत. दोघींच्या नवऱ्यांचं सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं, कोर्टात दावा गेला, आणि दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. दोघी मात्र त्याच मंडळीत, त्याच महिला मंडळात, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या. एका प्रभुभोजनाच्या रविवारी जाऊ आली नव्हती. वाचन मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाचं होतं: दान वेदीपाशी आणलंस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मावशी उठली आणि चालू लागली. लोकांना वाटलं तिला बरं नाही. ती थेट जावेच्या दारात गेली. काय बोलली ते तिनं कधी पूर्ण सांगितलं नाही. जावेनं आधी दार अर्धंच उघडलं, मग चहा ठेवला. दोघी मंडळीत आल्या तेव्हा शेवटचं गीत चाललं होतं. पाळकसाहेबांनी भाकरीवर पुन्हा कापड टाकून ठेवलं होतं. ते त्यांनी काढलं आणि त्या दोघींना तिथंच प्रभुभोजन दिलं.

पुढच्या महिन्यात मावशीनं हे साक्षीत सांगितलं. "पाण्याचा वाद मिटला नाही," तिनं स्पष्ट म्हटलं. "दावा चालू आहे. पण आता आम्ही एकमेकींच्या आजारपणात जातो." एवढीच साक्ष, चार मिनिटांचीही नसेल. कमिटीतल्या कुणाला ती लाजिरवाणी वाटली, कारण मावशीचा दीर मंडळीच्या पंचांपैकी आहे आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक थेट प्रक्षेपण बघत होते.

मी कितीतरी उपदेश ऐकले आहेत, इथले आणि तिथले. मत्तय ५:२३ वर याहून चांगलं भाष्य मी ऐकलेलं नाही.

'वचनाचा अर्थ वचनातून' म्हणणाऱ्यांनी वचन तरी नीट वाचावं. प्रभूनं स्वर्गाचं राज्य कशाकशात दाखवलं? पिठात खमीर मिसळणारी बाई. दिवा लावून, घर झाडून हरवलेलं नाणं शोधणारी बाई. जुन्या कपड्याला लावलेलं नवं ठिगळ. अर्ध्या रात्री दार वाजवणारा मित्र, आणि आतून 'पोरं माझ्याजवळ निजली आहेत' म्हणून कुरकुरणारा घरधनी. बापाकडून वाटणी घेऊन गेलेला धाकटा आणि घरात राहूनही रुसलेला थोरला. ही भाऊबंदकीच आहे. दाखल्यावाचून तो लोकांशी बोलत नसे, असं मार्कानं लिहून ठेवलं आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलं आहे ते घरी बसता, वाटेनं चालता, निजता आणि उठता. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचा विश्वास आधी कुठं होता? त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात, असं पौल म्हणतो.

भाऊ फोनवर म्हणाला, "पण ताई, मार्था-मरीयेची गोष्ट आहेच ना? मार्था कामात गुंतली, मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली, आणि प्रभूनं मरीयेची बाजू घेतली. स्वयंपाकघरापेक्षा वचन श्रेष्ठ." या गोष्टीचा असा उपयोग मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि दर वेळी तो करणारा पुरुष असतो, ज्याचं ताट कुणीतरी वाढलेलं असतं. लूकाच्या दहाव्या अध्यायावर थांबू नका, योहान उघडा. आपला भाऊ लाजर मेल्यावर वाटेत प्रभूला गाठून 'तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस' असं कोण म्हणालं? मार्था. पेत्रानं दिलेली कबुली तिनंही दिली, आणि तीही घरात सुतक असताना. पुढच्याच अध्यायात बेथानीत मेजवानी आहे आणि तिथं ती पुन्हा वाढते आहे. तिची कबुली आणि तिचं वाढणं एकाच बाईचं आहे.

आमच्या नगरकडच्या मंडळ्या उभ्या कशा राहिल्या, हेही कमिटीला आठवून द्यावंसं वाटतं. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आलं, नगरला १८३१ साली. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, छापखाना चालवला, १८४२ पासून 'ज्ञानोदय' काढला. पण वाड्या-वस्त्यांवर घराघरांत वचन नेलं ते बायबल बायांनी. माझी पणजी त्यांतली एक. जात्यावर बसलेल्या बाईशेजारी बसून, दुसऱ्या हातानं खुंटा धरून ती खमिराचा दाखला सांगायची, हे आजीनं मला सांगितलं आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्या आधी नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग एका घरात राहूनही स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं. ते सोवळं सुटलं ते कुणाच्या व्याख्यानानं नाही. स्वतःच्या मनाशी विचार करत, घरात, प्रवासात, पाण्याच्या घोटापाशी त्या तिथवर आल्या आणि पुढं तसंच लिहूनही ठेवलं. त्यांच्या आठवणींतून संसार वजा केला तर विश्वासाचा एक कणही हाती लागणार नाही. आज त्याच मंडळ्यांचे लोक टिळकांची भजनं गातात आणि बायकांना सांगतात की घरातलं घरात ठेवा.

एक गोष्ट मान्य करते, कारण ती खरी आहे. साक्षीच्या नावाखाली सुनेची उणीदुणी काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि धंद्यातला नफा म्हणजे देवाचा आशीर्वाद असं ऐकवणारे पुरुषही. त्यानं कुणाचं भलं होत नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी विचारलं पाहिजे. मावशीनं जावेला विचारलं होतं. जाऊ त्या दिवशी तिसऱ्या बाकावर होती.

माझ्या मुलीचं इथं कोन्फिर्मात्सिओन, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, आहे. वर्गात ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी चालते, १५२९ सालची. तिच्या भागांच्या माथ्यावर लिहिलं आहे की घरच्या कर्त्यानं हे आपल्या घरच्यांना अगदी साध्या रीतीनं शिकवावं. म्हणजे तुमच्याकडची शिस्त म्हणून भाऊ ज्याचं कौतुक करतो, तिचा पाया घातला गेला तो घरातच. रोजच्या भाकरीत काय काय येतं याची तिथं लांब यादी आहे: अन्न, कपडे, जोडे, शेत, गुरं, चांगलं हवामान, आणि शेवटाकडं विश्वासू शेजारी. लेकीनं यादी वाचली आणि म्हणाली, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आजी. तिचे बाबा इस्पितळात होते तेव्हा आमची केअरवोखं, म्हणजे इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी, त्या आजींनी न सांगता केली होती, दुखऱ्या गुडघ्यानं, तळघरापर्यंत. त्या आजींनी चर्च केव्हाच सोडलं आहे. मी लेकीला म्हटलं, हो, त्याच. मग तिला मावशीची आणि विहिरीची गोष्ट सांगितली.

हीच गोष्ट मी इथल्या हाउसक्राइसमध्ये, म्हणजे घरी जमणाऱ्या बायबल अभ्यासाच्या गटातही सांगितली होती. सगळ्यांनी शांतपणे ऐकली. मग एक जण म्हणाले, फार छान, तुमच्या संस्कृतीत कुटुंब किती जवळचं असतं. दुसऱ्या बाईंनी संयुक्त कुटुंबाबद्दल विचारलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला समजतं. पण मी त्यांना भारत दाखवत नव्हते. मत्तयाचा पाचवा अध्याय वाचून एक बाई उपासनेतून उठून गेली, हे मी सांगत होते. त्या रात्री मला झोप आली नाही. गावाकडं ती घरातली भानगड ठरते आणि इथं ती संस्कृती ठरते. तिला साक्ष म्हणून ऐकणारी माणसं मला माहीत आहेत ती फक्त त्या एका पत्र्याच्या छपराखाली, आणि आता तिथंही बंदी आहे. माझ्या रागाच्या तळाशी हे आहे. इथं मी नियमित येते, कॉफीची पाळी घेते, गेमाइंडेफेस्टला, मंडळीच्या जत्रेला, आमच्या टेबलावर रांग लागते. पण मी कुणाची कोण हे इथं कुणाला ठाऊक नाही. तिथं दारात 'सलाम' म्हणताच आधी माझ्या आईचं नाव निघतं आणि मग माझं.

भावाला मी हे सगळं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "ताई, तू आता सभासद नाहीस." खरं आहे. इथं येताना मी सभासदत्वाचा दाखला घेऊन आले. माझं नाव त्या रजिस्टरमध्ये नाही आणि मला मत नाही. म्हणून उघड लिहिते आहे. उपासना दीड तासाचीच ठेवा, पण सूचना आणि सत्कार कमी करा, त्यांतून दहा मिनिटं सहज निघतात. त्या दहा मिनिटांत कॅमेरा बंद ठेवा. साक्ष पाळकसाहेबांनी आदल्या दिवशी ऐकावी आणि ज्याचं नाव त्यात येतं त्याची परवानगी घ्यावी. आणि पहिला रविवार मावशीला द्या. विहिरीच्या दाव्याची पुढची तारीख लागली आहे, दोघींना कोर्टात समोरासमोर उभं राहायचं आहे, आणि त्याआधी मंडळीनं दोघींसाठी प्रार्थना करावी असं तिला म्हणायचं आहे.