रीस वाचला तो गावच्या वैद्यामुळे
‘निव्वळ जिद्दीच्या जोरावर आंद्रेआस रीस आफ्रिकेत तगला’ हे त्या ख्रिस्ती मिशनऱ्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. 1832 मध्ये बाझल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे, रीस धरून, तिघे तरुण आजच्या घानाच्या किनाऱ्यावर उतरले. त्यातले दोघे काही महिन्यांतच तापाने गेले. 1828 साली आलेल्या चौघांपैकीही कुणी वाचलं नव्हतं. त्या सहा जणांकडे जिद्द नव्हती का? रीस वाचला तो तिथल्या वैद्याच्या उपचारांनी. पुढे 1835 मध्ये तो डोंगरातल्या अक्रोपाँगला गेला आणि तिथल्याच सामानातून त्याने घर उभं केलं. लोक त्याला ‘ओसियादान’, म्हणजे घर बांधणारा, म्हणू लागले. हे नाव लेखात यायलाच हवं होतं.

मी नोकरीनिमित्त घानातल्या कुमासी शहराजवळच्या एका गावात तीन वर्षं राहिले. पहिल्याच पावसाळ्यात मलेरियाने अंथरूण धरलं. औषधाच्या गोळ्या होत्याच, पण शेजारच्या आजी दोन्ही वेळा टोमॅटो-मिरचीचं गरमागरम लाइट सूप घेऊन यायच्या आणि वाडगा रिकामा झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. त्यांच्या ट्वी भाषेतला एकच शब्द तेव्हा मला येत होता, ‘मेदासे’. धन्यवाद.